पुढच्या चाकातलं पोलाद

इनास, जे आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि विषय राहून जाईल. तुझा टायटॅनियमचा एक्सल मी माझ्या लेथवर बिघडवला. गेली इतकी वर्षं तुझ्या डर्ट बाईकच्या पुढच्या चाकातून जो दांडा आरपार गेलेला होता, ज्याच्यावर ते चाक फिरत होतं, तो पोलादाचा होता. मी बनवलेला. खरा अजून माझ्या गाळ्यात आहे, मागच्या कपाटात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला.

"हे सांगायला मी मरायची वाट बघत होतास काय रे?" असं तू म्हणणार. तर हो, तसंच दिसतंय. पण शहाणपणा करू नकोस. या प्रकरणात तूही काही कमी नाहीस, आणि ते मला आत्ता, तुला पुरून महिना झाल्यावर कळलं. म्हणून तर डोकं फिरलंय. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. ज्यांनी हे म्हणून ठेवलं त्यांची तुझ्याशी गाठ पडली नव्हती.

मुळात तुला टायटॅनियमचं खूळ लागलं कसं? आपण दोघं पंचेचाळिशीच्या पुढचे. तुझी गिरीज गावात केळीची वाडी, माझा स्टेशनच्या पूर्वेला लेथचा गाळा. रविवारी विरारच्या पुढच्या बंद खदानीत जाऊन दगडधोंड्यांतून बाईक उडवायची, हाडं मोडून घ्यायची आणि सोमवारी बायकांची बोलणी खायची, एवढा आपला खेळ. कोणी बक्षीस देणार नव्हतं. पण तुला कोणीतरी सांगितलं की टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचं आणि ताकदीला तसंच. झालं. तू एकेक बोल्ट काढून वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला लागलास. नाताळच्या केकचा मैदा मोजायचा तो काटा. वहिनी ओरडली, "माझ्या मैद्याला ग्रीसचा वास येतो!" तर तू म्हणालास, "ग्रीस नाही गं, चांगलं सिंथेटिक आहे."

मी त्या दिवशी तुझ्या ओसरीवर होतो. तू एका हातात पोलादी बोल्ट, दुसऱ्या हातात टायटॅनियमचा बोल्ट घेऊन डोळे मिटून उभा होतास, चर्चमध्ये उभा असल्यासारखा. "नंद्या, बघ, हातात आहे असं वाटतच नाही." मी विचारलं, "सगळे बदललेस तर किती वाचेल?" तू हिशेब करून सांगितलंस, पाऊण किलोच्या आसपास. मी म्हटलं, "इनास, तुझं पोट बघ. समोर वाळवलेल्या सुकेळ्यांचं ताट बघ. तेवढं ताट उचलून आत ठेवलंस तर बाईक आजच हलकी होईल." तू एक सुकेळं तोंडात टाकलंस आणि चावत चावत म्हणालास, "पोट स्प्रिंगच्या वर असतं रे. चाक खाली असतं. खालचं वजन वेगळं लागतं." आणि वैताग हा की ते खरं होतं. तुझं निम्मं बोलणं नेहमी खरं असायचं, म्हणून उरलेल्या निम्म्याशी भांडता यायचं नाही.

भांडण म्हटलं की आठवतं. तुझ्या घरची बोली वेगळी, आमच्या सांडोर गावातल्या घरची वेगळी. भांडायला मात्र आपण शाळेतली मराठी काढायचो, म्हणजे दोघांनाही पुरतं कळावं. फक्त अगदी हरायला लागलास की तू तुमच्या बोलीत शिरायचास आणि मग मला निम्मं कळायचं नाही. खदानीत तो पाय ठेवायच्या फूटपेगचा बोल्ट तुटला तेव्हा तसंच झालं. टायटॅनियमच्या आट्यांना लावायची पेस्ट तू लावली नव्हतीस. ती न लावता आवळला की तो जागेवरच जाम होतो, हे मी दहा वेळा सांगितलं होतं. सोडवायला गेलो तर मुंडी हातात आली. मी म्हणालो, "तुटला तुझा टायटॅनियम." तू म्हणालास, "तुटला नाही. तू तोडलास. पाना केवढा घेतलायस बघ." आणि मग पुढचं सगळं बोलीत. शेवटी एक पाय लोंबकळत ठेवून तू गिरीजपर्यंत बाईक नेलीस आणि वाटेत एका शब्दाने बोलला नाहीस. संध्याकाळी केळफूल पाठवून दिलंस. तुझी माफी अशीच यायची, भाजी करून खावी लागायची.

बोल्टांपर्यंत मी सहन केलं. मग तू एक्सल मागवलास.

तो तुझ्या बाईकचा नव्हताच. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा, तुझ्यापेक्षा बोटभर जास्त लांब, एका टोकाला जाड. तुला कोणी सांगितलं होतं की लेथवर थोडा उतरवला की बसतो. तू तो पंच्यात गुंडाळून माझ्या गाळ्यात घेऊन आलास. म्हणालास, "जमेल ना? नाहीतर मुंबईत कोणाकडे तरी नेतो."

तिथेच मी फसलो, इनास. 'नाहीतर' म्हणायची काय गरज होती? मी तीस वर्षं लेथवर उभा आहे. पितळ, तांबं, पोलाद, बिडाचं काहीही आणा, मी नाही म्हटलेलं नाही. टायटॅनियम मी आयुष्यात कापलं नव्हतं. पण तुझ्यासमोर म्हणालो, "ठेव तिथे. लोणी कापल्यासारखा कापून देतो."

तू गेल्यावर लावला. पोलादाची आमची एक सवय आहे. शेवटच्या हाताला टूल क्षणभर तिथेच टेकवून ठेवायचं, म्हणजे कडेला पृष्ठभाग आरशासारखा येतो. माझ्या वडिलांनी शिकवलेली सवय, हाताला आपोआप येते. टायटॅनियमवर नेमकं तेच करायचं नसतं. ते उष्णता सोडत नाही. टूल थांबलं की तेवढा भाग आणखी कडक होतो आणि टूललाच खातो. मी थांबलो. टोक जळलं, तुकडा उडाला आणि टूल आत घुसलं. लेथ बंद करून बघितलं, तर जिथे जाड भाग संपून बारीक सुरू होतो, बरोबर त्या मानेवर एक रेघ होती. दिसायला केसाएवढी. पण नख फिरवलं की अडकायचं. एक्सल तुटायचा झाला तर जिथून तुटतो, तिथेच.

मी गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. तुला फोन करायचा होता. एवढंच म्हणायचं होतं, "इनास, बिघडला रे माझ्याकडून." तू शिव्या घातल्या असत्यास, आठवडाभर अबोला धरला असतास, मग केळफूल आलं असतं. हे सगळं मला माहीत होतं. तरी फोन केला नाही. का केला नाही? तू मुंबईचं नाव घेतलं होतंस म्हणून. एवढंच कारण, दुसरं मोठं काही नाही.

मग मी जे केलं ते मात्र मन लावून केलं, हे तुला मान्य करावं लागेल. माझ्याकडचा सगळ्यात चांगला पोलादी रॉड घेतला. मानेला छान गोलाई दिली. आतून आरपार पोकळ केला, जमेल तेवढं वजन काढलं. बाहेरून कडक करून आणला. वाळूचा मारा देऊन राखाडी केला. तुझ्या एक्सलच्या मुंडीला जांभळट निळी झाक होती, ती गॅसच्या ज्योतीवर धरून पोलादाला आणली. त्या निळ्या रंगाचा मला अजूनही गर्व आहे, लाज वाटत असूनही. आणि तुझ्या हातात न देता थेट चाकात बसवूनच दिला, कारण हातात दिला असता तर तू पहिल्यांदा वहिनीच्या काट्याकडे पळाला असतास.

वर एक अटही घातली. "बाकी काहीही खोल, पुढचं चाक मात्र माझ्याकडेच आणायचं. याचं आवळणं नाजूक असतं." तू मान डोलावलीस. खरं कारण गंजाचं होतं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजतं, टायटॅनियम गंजत नाही. दर पावसाळ्यानंतर मी ते चाक गाळ्यात आणून, एक्सल घासून, तेल पाजून परत घालायचो. चोरासारखा.

पहिल्याच रविवारी खदानीत तू एक फेरी मारून आलास, हेल्मेट काढलंस, घामाघूम चेहरा, आणि म्हणालास, "नंद्या! पुढचं चाक कसलं हलकं झालंय! हँडलला कळतं!" मी हसावं की रडावं? जुन्यापेक्षा तो फार तर एका सुकेळ्याने हलका होता. मी म्हणालो, "हो का?" तू म्हणालास, "तुला नाही कळणार. त्याला हात लागतो."

आणि मग सुरू झाला तो छळ. तू प्रत्येक नव्या माणसाला ते चाक दाखवायचास. मी टायटॅनियमच्या एक्सलविरुद्ध बोललो की, ते वाकतं जास्त, ओरखडा सोसत नाही, आपल्यासारख्या अडाण्यांनी त्याच्या नादी लागू नये, तर तू सगळ्यांसमोर टायर थोपटायचास. "बघा, हा नंदू. स्वतःच बसवला आणि स्वतःच घाबरतो. इतके पावसाळे झाले, तुटला का?" त्या मोठ्या उतारावर तुझी उडी चुकली, चाक दगडावर आपटलं, रिम वाकली, तू दहा फूट लांब पडलास. आम्ही धावत आलो. तू उताणा पडल्या पडल्या काय म्हणालास? "एक्सल बघ आधी." मी बघितला. सरळ होता. तू आडवाच हसायला लागलास. "टायटॅनियम, नंद्या!" माझ्या तोंडाशी आलं होतं की टायटॅनियम नाही रे गाढवा, माझं पोलाद आहे ते. गिळलं. आयुष्यात मी एवढं चांगलं काम दुसरं केलं नाही आणि त्याचं श्रेय मला एका धातूला द्यावं लागलं.

तू गेलास तेही बाईकवरून नाही. सकाळी केळींना पाणी लावता लावता छातीत कळ आली आणि संपलं. पाण्याचा पाइप चालूच होता, वाडीत घोट्याएवढा चिखल झाला होता, आम्ही तुला त्यातून उचललं. इतक्या दगडांनी जे केलं नाही ते त्या सकाळने केलं.  

चर्चमधल्या तुझ्या महिन्याच्या मिस्सानंतर तिथल्याच हॉलमध्ये चहा होता. आपल्या रविवारच्या टोळीतला अमोल आला होता. तोच तो, विरारच्या फ्लॅटमधला, कोकणातला, ऑफिसातून सुटला की हेल्मेट शोधणारा. डोळे पुसत म्हणाला, "नंदूकाका, मी ठरवलंय. इनासभाऊंची आठवण म्हणून मीपण टायटॅनियमचा एक्सल मागवलाय. थोडा लांब आहे, पण तुम्ही इनासभाऊंचा उतरवून दिला होतात ना, तसाच माझा द्या." मी कप खाली ठेवला. म्हटलं, "बघू." त्याने माझा हात हातात घेतला. "एवढ्या वर्षांचा पुरावा आहे काका. भाऊंनी सिद्धच केलंय."

बघ, तुझ्या थोपटण्याचे परिणाम. आणि माझ्या गप्प बसण्याचे.

तिथून तुझी रीटा मला घरी घेऊन गेली. म्हणाली, "पप्पांची बाईक मी चालवणार. पुढचा टायर गेलाय, जरा चाक काढू या." मी पुढे झालो, पण तिने स्वतःच पाना लावला. सफाईने नट सोडवला, एक्सल ओढून बाहेर काढला आणि शेजारच्या ताटलीत टाकला. टक् असा आवाज झाला आणि तो जागच्या जागी चिकटून बसला.

ती चुंबकाची ताटली होती. नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून तू घेतलेली.

 रीटा खाली मान घालून हात पुसत होती. म्हणाली, "टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, काका. मला पप्पांनीच शिकवलं. त्यांचे ते बाकीचे बोल्ट या ताटलीतून घरंगळतात, म्हणून ते लोणच्याच्या बरणीत ठेवायचे. हा मात्र इथे."

"पप्पा चाक काढायचे?"

"मग! पंक्चर काय तुमच्यासाठी थांबून राहणार? काढायचे, घालायचे, आणि वर थोडी धूळ फासायचे. म्हणायचे, नंदूकाकाला कळायला नको."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या महिन्यापासून. मम्मीच्या काट्यावर ठेवला होता ना." ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हटलं, विचारा की त्यांना. तर म्हणाले, नंद्या माझ्या जिवाला घाबरतो, म्हणून गुपचूप बदललाय. बोलता येत नाही त्याला. स्वतःहून सांगेल एक दिवस, तोवर मी त्याला टोचत राहणार."

इनास, तुला काय म्हणू मी? पाना उचलून माझ्या डोक्यात घालायचा होतास. कॉलर धरून विचारायचं होतंस. एका वाक्याचं काम होतं आणि तू वर्षानुवर्षं टायर थोपटत राहिलास! म्हणजे ती सगळी थट्टा मला दार उघडून देण्यासाठी होती. तू दार उघडायचास आणि मी उंबऱ्यावर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचो. "स्वतःच बसवला आणि स्वतःच घाबरतो," हे तू सगळ्यांदेखत म्हणायचास तेव्हा माझ्याकडे रोखून बघायचास. मला वाटायचं, खिजवतोय. "तुटला का?" हा प्रश्न तू टायटॅनियमबद्दल विचारतच नव्हतास. माझं पोलाद आहे हे माहीत असून तू त्या उतारावरून उडी मारलीस. उताणा पडून हसलास तो माझ्या कामावर खूश होऊन. हे मला तेव्हा कळलं असतं तर! कळलं असतं तर काय केलं असतं? बहुतेक म्हणालो असतो, "हो का?"

रीटाने सरळ विचारलं, "पप्पांच्या काळजीने बदललात ना तुम्ही?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

आता तू वरून कपाळ बडवून घे. तुझ्याच घरात, तुझ्या पोरीसमोर, एक्सल चुंबकाला चिकटलेला असताना मी पुन्हा तेच केलं. कारण तुझी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा चांगली होती. तिच्यात मी मित्रासाठी घाबरणारा माणूस होतो. खऱ्या गोष्टीत मी स्वतःच्या नावासाठी घाबरणारा माणूस आहे. काळजी नव्हती असं नाही. ती रेघ बघून मी घाबरलो तो तुझ्यासाठीच, आणि तो तसाच चाकात घालून देण्याचा विचार मी क्षणभरही केला नाही, हे खरं. पण शटर ओढलं ते तुझ्यासाठी नव्हतं.

"मग अमोलदादाला सांगा," रीटा म्हणाली. "तो पप्पांच्या नावावर ते घेतोय. तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हणालो, "मी सांगतो."

मी घरी आलो आणि माझ्या लक्षात आलं की फक्त 'तो पोलादाचा होता' एवढं सांगून भागणार नाही. अमोल म्हणेल, ठीक, मग माझा तरी खराखुरा टायटॅनियमचा उतरवून द्या. आणि तो लेथवर उतरवणारा हात माझाच असणार. सवय तीच, वडिलांची. आपण एवढी वर्षं भांडलो, टायटॅनियम चांगलं की वाईट. तू सिद्ध केलं नाहीस चांगलं, मी सिद्ध केलं नाही वाईट. ज्याच्याबद्दल भांडत होतो तो बिचारा बनियनमध्ये झोपला होता, त्याला एकदाही कोणी रस्त्यावर नेलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की दुसऱ्या गाडीचा एक्सल आणून, माझ्यासारख्याच्या लेथवर कापून, त्याच्यावर जीव टाकू नये. आणि हे मला ठाऊक का आहे, ते सांगितल्याशिवाय त्याला पटणार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, वैताग बाजूला ठेवून. तुला काट्यावर कळलं होतं. तू तो काढून फेकू शकला असतास, मुंबईहून दुसरा आणू शकला असतास. वजनासाठी वहिनीचा ओरडा खाणारा माणूस तू. तरी माझा जड दांडा चाकात ठेवलास आणि वर धूळ फासलीस. माझ्या हाताच्या कामाला एवढा मान कोणी दिला नाही. तुझ्याबद्दल आणखी बरंच आहे, पण ते लिहायला घेतलं तर रविवार उलटून जाईल आणि मी पुन्हा निसटेन. मला मी चांगला ओळखतो.

रविवारी सगळे खदानीत जमणार आहेत. तुझी बाईक रीटा आणणार आहे. मी कपाटातून बनियनची गुंडाळी काढून ठेवली आहे. अमोलच्या अंगठ्याचं नख त्या मानेवरून फिरवून द्यायचंय, अडकेपर्यंत. मग रीटाकडे बघून म्हणायचंय की मी मान हलवली ते खोटं होतं, ही रेघ माझी आहे, ही लपवायला मी तो बदलला. आणि तो एक्सल तिच्या हातात द्यायचाय, कारण तो तुझा आहे.

एवढं माझ्याकडून तुझं येणं बाकी आहे, इनास.